पत्ता शेवटाकडून वाचावा

राष्ट्रीय राजधानी परिसरात नव्याने राहावयास आलेल्या मराठी कुटुंबास पहिला धडा मिळतो तो पत्त्याचा. 'सेक्टर १५' एवढेच सांगून येथे कोणी कोणाच्या घरी पोहोचत नाही. सेक्टर १५ नोएडात आहे, गुरुग्राममध्ये आहे, फरीदाबादेत आहे आणि रोहिणीतही आहे. पहिला उत्तर प्रदेशात, पुढचे दोन हरियाणात आणि चौथा दिल्लीत! आपल्या महाराष्ट्र सदनाचीही तीच गोष्ट. एक कोपर्निकस मार्गावर, तर दुसरे, २०१३ साली उद्घाटन झालेले, कस्तुरबा गांधी मार्गावर. पाहुण्याने टॅक्सीवाल्यास केवळ 'महाराष्ट्र सदन' म्हटले, तर तो नेमका कोठे उतरेल याची शाश्वती नाही. नाव ओळखीचे असले म्हणून पत्ता ओळखीचा ठरत नाही, हे या महानगरात राहणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले असते. पत्त्यातील निर्णायक शब्द शेवटी येतो, हेही त्याला ठाऊक असते.

संकेतस्थळांच्या पत्त्यांचे शास्त्र याहून फारसे निराळे नाही. तरीही टपालाचा पत्ता काळजीपूर्वक वाचणारा सुजाण ग्राहक मोबाइलच्या पडद्यावर आलेला पत्ता मात्र न वाचताच त्यावर बोट टेकवतो. 'अनोळखी दुव्यावर क्लिक करू नका' अशी सूचना बँका वर्षानुवर्षे देत आल्या आहेत. सूचना योग्यच आहे. परंतु ओळखीचा दुवा कोणता आणि अनोळखी कोणता, हे पारखायचे कसे, याचे शिक्षण त्या सूचनेत नसते. पत्ता वाचण्याची रीत प्रत्येक ग्राहकाने शिकावी, एकदा तरी स्वतःच्या हाताने दुवा तयार करून पाहावा आणि बँकांनी आपले दुवे वाचता येतील असेच लिहावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पत्त्याची घडण

महाजालावरील प्रत्येक संगणकास खरे तर एक अंकी क्रमांक असतो. माणसाला अंकांपेक्षा नावे लक्षात राहतात, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने नावांवरून क्रमांक शोधून देणारी एक व्यवस्था आखली. टेलिफोन डिरेक्टरीसारखीच ती समजावी. फरक इतकाच की ती एका जागी नसून जगभर श्रेणीबद्ध रीतीने वाटलेली आहे. या श्रेणीत सर्वांत मोठा घटक सर्वांत शेवटी, म्हणजे उजवीकडे येतो. घर क्रमांक, गल्ली, वस्ती, शहर, राज्य या आपल्या टपाली क्रमासारखाच हा क्रम आहे.

एखादा पत्ता समोर आला की त्याचे तीन भाग पाडावेत. आरंभी 'एचटीटीपीएस', मग विसर्गासारखे दिसणारे दोन ठिपके आणि दोन तिरप्या रेघा असतात. माहिती कोणत्या पद्धतीने ने-आण करायची ते हा भाग सांगतो. त्यानंतर पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा मजकूर म्हणजे त्या स्थळाचे नाव. त्या रेघेनंतर जे येते ते केवळ आतील पानाचे ठिकाण. इमारतीत शिरल्यावरचा मजला आणि खोली. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मधला, आणि त्यातही त्याचे उजवे टोक. या महाजालाचे जनक सर टिम बर्नर्स-ली यांनी पत्त्यातील त्या दोन तिरप्या रेघा वस्तुतः अनावश्यक होत्या, असे २००९ साली मिस्कीलपणे कबूल केले. पण त्यानंतरची एकेरी तिरपी रेघ मात्र फार उपयोगाची आहे. तेथे थांबावे आणि तेथून डावीकडे वाचत जावे, हीच पत्ता वाचण्याची किल्ली.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. पत्त्याच्या आरंभी 'एस' अक्षर असले किंवा कुलपाचे चिन्ह दिसले की स्थळ विश्वासार्ह, असे अनेकांना वाटते. त्या खुणेचा अर्थ इतकाच की आपण आणि ते स्थळ यांमधील संभाषण वाटेत कोणी वाचू शकत नाही. समोरचा सज्जन आहे की ठक, हे कुलूप सांगत नाही. ठकालाही आपल्या दाराला कुलूप लावता येते, आणि आज ते विनामूल्य मिळते. याच गैरसमजामुळे गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून सप्टेंबर २०२३ मध्ये ते कुलूपचिन्ह काढून त्याजागी दुसरे, तटस्थ चिन्ह आणले.

'बँक डॉट इन' चा अर्थ

भारताच्या 'डॉट इन' या नावाचा कारभार दिल्लीस्थित नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजेच 'निक्सी', ही संस्था पाहते. २००३ साली ती स्थापन झाली आणि २००५ पासून 'डॉट इन' ची नावे सर्वसामान्यांस सुलभपणे मिळू लागली. ही सुलभता स्वागतार्ह होती, परंतु तिच्यामुळे एखाद्या बँकेच्या नावाशी जुळणारे नाव घेणे ठकासही सोपे झाले. यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी बँकांसाठी 'बँक डॉट इन' या राखीव नावाची घोषणा केली. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सांगण्यात आले. ही नावे देण्याचा अधिकार हैदराबादच्या 'आयडीआरबीटी' या, रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या, संस्थेकडेच आहे. ऐरागैऱ्यास या वसाहतीत भूखंड मिळत नाही.

ही व्यवस्था उत्तम आहे. मात्र तिचा लाभ ज्याला पत्ता वाचता येतो त्यालाच होणार. सोयीसाठी येथे पत्ते देवनागरीत लिहू. प्रत्यक्षात ते रोमन लिपीत असतात. समजा, बँकेचे नाव 'अमुक'. तिचा खरा पत्ता 'अमुक.बँक.इन'. आता हे तीन पत्ते पाहा.

पहिला : 'अमुक-बँक.इन'. 'अमुक' आणि 'बँक' यांमध्ये बिंदू नाही, आडवी रेघ आहे. हे राखीव वसाहतीतील घर नव्हे. 'डॉट इन' मध्ये कोणीही घेतलेले, 'अमुक-बँक' नावाचे एक सामान्य स्थळ आहे.

दुसरा : 'अमुक.बँक.इन.तमुक.कॉम'. सुरुवात अगदी खरी वाटते. परंतु उजवीकडून वाचले की मालक 'तमुक.कॉम' हा आहे, हे उघड होते. डावीकडील सर्व शब्द त्याने स्वतःच्या घराच्या दारावर लावलेली पाटी आहे, आणि पाटीवर काय लिहावे हे घरमालकाच्या मर्जीवर असते.

तिसरा : 'तमुक.कॉम', मग तिरपी रेघ, मग 'अमुक.बँक.इन'. येथे बँकेचे नाव तिरप्या रेघेनंतर, म्हणजे खोलीच्या दारावर आहे. इमारत परक्याची आहे.

एका बिंदूने किंवा एका रेघेने पत्ता बदलतो. धनादेशावरील एका शून्याने रक्कम बदलते, तसाच हा प्रकार. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब पत्त्याचा काही भाग दिसेनासा होतो, म्हणून अशा वेळी विशेष सावध असावे.

दुवा कसा घडतो

पत्ता वाचता आला तरी अर्धेच काम झाले, कारण बहुतेक वेळा पत्ता आपल्यासमोर येतच नाही. समोर येतात निळ्या रंगातील अधोरेखित शब्द, एखादे बटण किंवा चित्र. पत्ता त्यांच्या पोटात दडलेला असतो.

दुवा तयार करणे अत्यंत सोपे आहे. संगणकावर पान लिहिण्याच्या कोणत्याही साधनात, ई-मेल लिहिण्याच्या चौकटीतसुद्धा, साखळीच्या कडीसारखे एक छोटे चिन्ह असते. काही शब्द लिहावेत, ते निवडावेत आणि त्या चिन्हावर क्लिक करावे. बहुतेक साधनांत कंट्रोल आणि 'के' या कळा एकत्र दाबल्या तरी चालते. एक चौकट उघडते आणि तिच्यात सामान्यतः दोन रकाने असतात. एक, वाचकास दिसणारा मजकूर. दुसरा, ज्या पानाकडे न्यायचे त्याचा पत्ता. दोन्ही भरले की दुवा तयार. पडद्यामागे संगणक त्या शब्दांभोवती एक खूण लिहितो. त्या खुणेचे आद्याक्षर 'ए', म्हणजे 'अँकर', अर्थात नांगर.

आता मर्माची गोष्ट. या दोन रकान्यांत एकमेकांशी सुसंगत मजकूर असावा असे कोणतेही बंधन संगणक घालत नाही. दिसणाऱ्या रकान्यात आपण 'भारतीय रिझर्व्ह बँक' लिहिले आणि पत्त्याच्या रकान्यात शेजारच्या मिठाईच्या दुकानाचे संकेतस्थळ दिले, तरी साधन निमूटपणे तसा दुवा करून देते. एवढेच नव्हे, तर दिसणाऱ्या रकान्यात चक्क एक पत्ता आणि आतल्या रकान्यात दुसराच पत्ता लिहिता येतो. वाचक पहिला वाचतो आणि पोहोचतो दुसऱ्याकडे. ही संगणकाची चूक नव्हे. शब्दांतून माहिती जोडत जाणे हाच दुव्याचा मूळ हेतू, आणि शब्द निवडण्याचे स्वातंत्र्य लेखकाला असणारच. परंतु त्या स्वातंत्र्याचा दुरुपयोग हाच बहुतांश ऑनलाइन फसवणुकीचा पाया आहे.

बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्यातच पाने लिहिण्याची आणि दुवे जोडण्याची सोय होती. वाचणारा आणि लिहिणारा एकच असावा, अशी त्यामागील कल्पना होती. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांत केवळ वाचण्याची सोय मुख्य राहिली. कोट्यवधी लोक दुवे दाबू लागले, पण दुवा आतून कसा असतो हे त्यांच्यापैकी थोड्यांनीच पाहिले. आजच्या फसवणुकीस हे अज्ञानच फार उपयोगी पडते.

म्हणूनच आमची सूचना आहे की प्रत्येक ग्राहकाने एकदा स्वतः, जाणूनबुजून, एक खोटा दुवा तयार करून तो स्वतःच्याच पत्त्यावर ई-मेलने पाठवावा. शब्द एक, पत्ता दुसरा. मग तो आल्यावर संगणकावर त्या शब्दांवर केवळ माउसचा बाण नेऊन, न दाबता, खिडकीच्या तळाशी कोणता पत्ता उमटतो ते पाहावे. मोबाइलवर त्या शब्दांवर बोट काही क्षण टेकवून ठेवले तर बहुधा आतला पत्ता दिसतो. दहा मिनिटांचा हा प्रयोग दहा सूचनाफलकांहून अधिक शिकवून जातो. स्वतःच्या हाताने असा दुवा घडवलेला माणूस पुढे केवळ दिसणाऱ्या शब्दांवर विश्वास ठेवणार नाही.

ज्येष्ठ ग्राहकांना हे कसे जमावे, असा आक्षेप घेतला जातो. आम्हास तो मान्य नाही. धनादेशाच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढाव्यात, 'अकाउंट पेयी' लिहावे, अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहून उरलेली जागा रेघ मारून बंद करावी, हे सारे याच पिढीने बँकेच्या काउंटरवर शिकून घेतले. तेव्हा कोणी 'धनादेश वापरू नका' असे सांगितले नव्हते. धनादेश कसा लिहावा आणि कसा पारखावा हे शिकवले होते. दुव्याच्या बाबतीतही तेच केले पाहिजे.

बँकांचे कर्तव्य

आता आपल्या घरात पाहू. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाचे दायित्व किती असावे, यासंबंधी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले. त्यात ग्राहकास मोठे संरक्षण होते. परंतु ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने गुप्त माहिती दुसऱ्यास दिली असेल, तर त्याने बँकेस कळवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचेच, असेही त्यात म्हटले होते. खोट्या दुव्यावर जाऊन पासवर्ड भरणारा ग्राहक नेमका या कलमात सापडतो. आयुष्यभराची पुंजी जाते आणि वर 'निष्काळजी' हा शिक्का बसतो.

ग्राहकाकडून अशा दक्षतेची अपेक्षा करायची, तर त्याच्यासमोर येणारे बँकांचे स्वतःचे दुवे नितळ असले पाहिजेत. प्रत्यक्षात काय दिसते? पाने भरभरून 'येथे क्लिक करा' ची पेरणी. 'येथे' म्हणजे कोठे, हे त्या शब्दांत कोठेच नसते. लघुसंदेशात आखूड केलेले, अर्थहीन अक्षरांचे पत्ते. त्यांतून स्थळाचा मालक कोण हे कळण्यास मार्ग नाही. ज्या हाताने आपण 'अनोळखी दुवा दाबू नका' असा फलक लावतो, त्याच हाताने अनोळखी दिसणारा दुवा पाठवतो. अशाने ग्राहकास न वाचता दाबण्याची सवय आपणच लावतो, आणि त्या सवयीचे पीक ठक कापून नेतो.

उपाय अवघड नाहीत. ते शाखेत सूचना टंकणाऱ्या लिपिकापासून मुख्यालयातील संकेतस्थळ-विभागापर्यंत सर्वांच्या आवाक्यातले आहेत. दुव्याचे शब्द गन्तव्य सांगणारे असावेत. 'येथे क्लिक करा' ऐवजी 'मुदत ठेवींचे व्याजदर' असे लिहावे. अंध ग्राहक पडदावाचक साधनाने केवळ दुव्यांची यादी ऐकतो, तेव्हा त्याला ओळीने दहा वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू येणे हा त्याच्यावरील अन्यायच होय. लोधी मार्गावरील सीजीओ संकुलात मुख्यालय असलेल्या नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरने २००९ साली सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. अर्थपूर्ण दुवे आणि बाहेरच्या स्थळाकडे नेताना तशी स्पष्ट सूचना, या गोष्टींचा त्यांत आग्रह आहे.

ग्राहकास पाठवायच्या संदेशात आखूड पत्ता वापरू नये. पूर्ण पत्ता द्यावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे दुवा न देता 'आमचे अधिकृत अॅप उघडा' एवढेच सांगावे. पूर्वनोंदणी नसलेले दुवे असलेले व्यावसायिक लघुसंदेश अडवण्याचा 'ट्राय' चा आदेश १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला, ही समाधानाची बाब आहे. तथापि व्हॉट्सअॅप आणि ई-मेल त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

'बँक डॉट इन' वरील स्थलांतराने आणखी एक जबाबदारी आणली आहे. जुन्या परिपत्रकांत, अर्जांवर, फलकांवर आणि इतरांच्या संकेतस्थळांवर जुने पत्ते शिल्लक आहेत. ते शोधून बदलले पाहिजेत. जुन्या नावाचे नूतनीकरण थांबले तर ते नाव उद्या कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग बँकेनेच छापलेला पत्ता ग्राहकास ठकाच्या दारी नेईल. म्हणून जुने नाव सोडू नये, त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय राखावी. घर बदलले तरी जुन्या पत्त्यावर येणारे टपाल आपण वाऱ्यावर सोडत नाही.

देवनागरी पत्त्यांविषयी

पत्ता वाचण्याची अपेक्षा आपण मराठी माणसाकडून करतो, आणि पत्ता मात्र रोमन लिपीत असतो. देवनागरीतील 'डॉट भारत' हे नाव २७ ऑगस्ट २०१४ रोजी दिल्लीत सुरू झाले. आरंभी ज्या आठ भाषांसाठी ते उपलब्ध झाले, त्यांत हिंदी, कोंकणी, नेपाळी यांच्यासह मराठीही होती. बँकांनी या दिशेने अवश्य विचार करावा. मात्र विचारपूर्वक! आपण 'बँक' लिहितो, हिंदीत 'बैंक' लिहितात. आपण 'टिळक' म्हणतो, दिल्लीतील रस्त्याच्या पाटीवर 'तिलक' असते. माणसाला हे एकच वाटते, पण संगणकास ही निरनिराळी नावे आहेत. एक नाव घेऊन दुसरे मोकळे सोडले, तर तेथे ठकास निमंत्रण मिळेल. दोन्ही वर्तने एकाच वेळी नोंदवणे आणि एकाच जागी वळवणे, ही दक्षता प्रथमपासूनच घ्यावी लागेल.

ग्राहक आणि बँक यांचे नाते विश्वासावर उभे आहे, असे आपण समारंभांत म्हणतो. आजच्या काळात तो विश्वास पुष्कळदा एका निळ्या शब्दावर तोललेला असतो. ग्राहकांनी तिरप्या रेघेपाशी थांबून पत्ता उजवीकडून वाचण्याची सवय लावून घ्यावी. शंका येताच बँकेचा पत्ता स्वतः टंकावा. आणि दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ आपल्या बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर कळवावे. शाखांनी आपल्या ग्राहकमेळाव्यांत अर्धा तास या प्रयोगासाठी राखावा आणि प्रत्येक उपस्थिताकडून एक दुवा तयार करवून घ्यावा. सहकाऱ्यांना विनंती एवढीच की पुढील सूचना लिहिताना साखळीच्या त्या छोट्या चिन्हावर बोट ठेवण्यापूर्वी क्षणभर विचार करावा : जे शब्द मी लिहिले, तेथेच हा दुवा जातो ना? आणि हे ग्राहकास दाबण्यापूर्वीच कळेल ना? दोन्ही प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील, तरच तो दुवा ग्राहकाकडे पाठवावा.